किक आली की बेसने बाजूला व्हावं: डकिंग कसं करायचं, वरातीच्या ट्रॅकपासून पोळ्याच्या झडतीपर्यंत

घरी हेडफोनवर ट्रॅक झकास वाजतो. तोच ट्रॅक वरातीत डीजेच्या गाडीवर लावला की किकचा, म्हणजे मुख्य जाड ढोलाचा, ठोका हरवतो आणि खालून नुसती भणभण येते. गाडीवाला म्हणतो तुमचा ट्रॅक खराब, तुम्ही म्हणता त्याचे बॉक्स खराब. बहुतेक वेळा चूक दोघांचीही नसते. किक आणि बेस (खालचा जाड सूर) एकाच वेळी एकाच जागेत घुसतात, एवढंच झालेलं असतं.

दोघांचंही बळ साधारण ४० ते १०० हर्ट्झमध्ये असतं. सारख्याच जोराच्या आणि सारख्याच सुराच्या दोन लहरी नेमक्या जुळून आल्या तर आवाज ६ डीबीने वाढतो आणि सगळे आवाज एकत्र येतात त्या मास्टरवरचा लिमिटर (आवाजाला वरची हद्द घालणारं साधन) सगळ्याच ट्रॅकला दाबतो. त्या उलट्या आल्या तर एकमेकींना खातात आणि ठोका पोकळ लागतो. प्रत्येक ठोक्याला हे जुळणं वेगळं होतं, म्हणून एक किक दणकट येते आणि पुढची फुसकी.

पांदण रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला की आपण बंडी जरा कडेला घेतो, तो गेला की पुन्हा चाकोरीत येतो. डकिंग म्हणजे हेच. किक आली की बेसचा आवाज क्षणभर खाली जातो, किक गेली की वर येतो. बंडी कडेला घेणं सोपं असतं, कसब लागतं ते वेळेवर चाकोरीत परत यायला. डकिंगमध्येही आवाज किती दाबला यापेक्षा तो कधी आणि कसा परत आला यावर ट्रॅकची चाल ठरते. आवाज आपोआप दाबणाऱ्या कॉम्प्रेसरवर हा आकडा 'रिलीज' नावाच्या बटणात असतो आणि बहुतेक जण त्यालाच हात लावत नाहीत.

आधी गणित

रिलीज अंदाजाने फिरवू नका. ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला किती ठोके) भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२८ बीपीएमला एक ठोका ४६९ मिलिसेकंद, अर्धा २३४. १०० ला ठोका ६०० आणि अर्धा ३००. ११० ला ५४५ आणि २७३. १४० ला ४२९ आणि २१४.

दोन किकच्या बरोबर मध्ये बेसची किंवा हाय-हॅटची जी थाप येते, तिथवर आवाज बराचसा वर आलेला हवा. म्हणजे १२८ ला किक सुरू झाल्यापासून २३४ मिलिसेकंदांत. पण म्हणून रिलीजला २३४ ठेवलं की काम झालं, असं नाही. किकची शेपटी (ठोक्यानंतर रेंगाळणारा आवाज) ज्या पातळीपासून दाब सुरू होतो त्या उंबरठ्याच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या, वर असेपर्यंत कॉम्प्रेसर दाबूनच धरतो आणि रिलीजची घडी त्यानंतर सुरू होते. किकची शेपटी १०० मिलिसेकंद असेल तर रिलीजला उरतात १३० च्या आसपास. लांब शेपटीची किक वापरलीत तर रिलीज आणखी कमी करावा लागतो, किंवा सरळ किकच कापून आखूड करावी लागते. दुसरा उपाय जास्त बरा. नव्या माणसाचा ट्रॅक बिघडतो तो बहुतेक अडीचशे-तीनशे मिलिसेकंदांच्या किकमुळे.

एफएल स्टुडिओमध्ये

गावोगावच्या रिमिक्स करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर बहुतेक हेच सॉफ्टवेअर असतं, म्हणून आधी हे.

किक मिक्सरच्या १ नंबर ट्रॅकवर घ्या, बेस २ नंबरवर. किकचा ट्रॅक क्लिक करून निवडा. मग बेसच्या ट्रॅकखाली जो छोटा बाण दिसतो, त्यावर राईट क्लिक करून 'साईडचेन टू धिस ट्रॅक' निवडा. 'रूट टू धिस ट्रॅक' निवडलंत तर किकचा आवाजच बेसच्या ट्रॅकमध्ये शिरेल आणि किक दोनदा वाजेल. साईडचेनमध्ये आवाज जात नाही, किक आली एवढी खबर फक्त जाते.

आता बेसच्या ट्रॅकवर सर्वांत शेवटच्या स्लॉटमध्ये फ्रूटी लिमिटर टाका. उघडल्यावर तो लिमिटरच्या पानावर असतो, तिथून 'कॉम्प'वर, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पानावर, जा. खाली 'साईडचेन' लिहिलेला छोटा चौकोन आहे, त्यात १ आणा. हा आकडा मिक्सर ट्रॅकचा नंबर नाही. या ट्रॅककडे जितक्या साईडचेन आल्या, त्यांतली पहिली असा त्याचा अर्थ. किक १४ नंबरवर असली आणि साईडचेन एकच असली, तरी इथे १ च येतो. इथे पुष्कळ जण अडकतात.

रेशो ४:१ करा आणि थ्रेशोल्ड खाली आणत जा. किती आणायचा त्याचा हिशेब असा: किकचं टोक -६ डीबीला आणि थ्रेशोल्ड -१८ ला असेल तर किक १२ डीबी वर गेली. ४:१ मध्ये त्यातला चौथा हिस्सा उरतो, म्हणजे ३, आणि बेस ९ डीबीने दबतो. अटॅकमुळे (दाब पूर्ण बसायला लागणारा वेळ) प्रत्यक्षात थोडा कमी दबेल. बेससाठी ६ ते १० डीबी पुरे. ६ डीबीला लहर निम्मी होते, १२ ला पाव. त्याच्या खाली गेलात तर बेस दबत नाही, गायब होतो. तो इफेक्ट हवा असेल तर जरूर करा, पण जाणूनबुजून.

अटॅक २ ते ५ मिलिसेकंद. रिलीज १३० च्या आसपासपासून सुरू करा. बटण फिरवताना वर डाव्या कोपऱ्यातल्या पट्टीत आकडा दिसतो, तो पाहत चला.

मग डोळे मिटून फक्त किक आणि बेस लावा. रिलीज हळूहळू वाढवत न्या. एका जागी बेस किकच्या मागून झुलल्यासारखा वाटेल, मान आपोआप हलेल. त्याच्या पुढे गेलात की बेस वर येईपर्यंत पुढची किक येते आणि तो वर येतच नाही, ट्रॅक एकदम बारीक वाटतो. झुलणं आणि बारीक होणं यांच्या मधली पट्टी १२८ ला फार तर ४०-५० मिलिसेकंदांची असते. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

ट्रायल आवृत्तीवर काम करत असाल तर एक सांगून ठेवतो: ती फाईल सेव्ह करू देते, पण परवाना घेईपर्यंत परत उघडू देत नाही. डकिंग बसलं की किक, बेस, पॅड (मागे लांबत राहणारे सूर) वेगवेगळे वेव्ह करून काढून ठेवा. लाईन गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेली तर निदान तेवढं तरी हाती राहतं.

रीपर आणि लाईव्ह

रीपर या सॉफ्टवेअरमध्ये किकच्या ट्रॅकचं 'रूट' बटण ओढून बेसच्या ट्रॅकवर सोडा. उघडलेल्या खिडकीत आवाज पोचण्याची जागा १/२ ऐवजी ३/४ करा. हे राहिलं तर पुन्हा तीच डबल किक. बेसवर रीकॉम्प टाकून 'डिटेक्टर इनपुट'मध्ये 'ऑक्झिलरी' निवडा. तिथे आरएमएसचा आकडा शून्यावर आणा, नाहीतर कॉम्प्रेसर सरासरी काढत बसतो आणि उशिरा जागा होतो. सेंड 'प्री-फेडर' ठेवा, म्हणजे किकचा आवाज कमी-जास्त केला तरी डकिंग बदलत नाही.

एबलटन लाईव्हमध्ये बेसवर कॉम्प्रेसर, त्याच्या डाव्या बाजूचा छोटा त्रिकोण उघडा, 'साईडचेन' चालू करा, 'ऑडिओ फ्रॉम'मध्ये किक निवडा. हेडफोनचं चिन्ह दाबलं की कॉम्प्रेसर नक्की काय ऐकतोय ते तुम्हालाही ऐकू येतं. बाकी आकडे वरचेच.

ऐकू न येणारी किक

ट्रॅकमध्ये किक सरळ चौताली, म्हणजे दर ठोक्याला एक, असेल तर वरचं सगळं चालतं. आपल्याकडचे ट्रॅक तसे कमीच असतात. डफडं असतं, संदलचा ताशा असतो, मोबाईलवर रेकॉर्ड केलेला ढोल असतो. हातानं वाजवलेल्या लूपमध्ये जाड थापेसोबत बारीक काडीचे ठोकेही असतात. असा लूप साईडचेनला दिलात तर प्रत्येक काडीला बेस दचकतो आणि सगळा ट्रॅक थरथरल्यासारखा होतो.

उपाय असा. एक आखूड, ५० मिलिसेकंदांची किक वेगळ्या चॅनलवर घ्या आणि पियानो रोलमध्ये ती फक्त जाड थापेच्या जागी ठेवा. तिचा मिक्सर ट्रॅक मास्टरला जाणं बंद करा, फक्त बेसला साईडचेन द्या. हिलाच घोस्ट किक म्हणतात. ती कुणाला ऐकू येत नाही, पण बेस तिच्या इशाऱ्यावर हलतो. हातानं वाजवलेला लूप ग्रिडच्या मागे-पुढे असतो, म्हणून घोस्ट किक ग्रिडला चिकटवू नका, लहर मोठी करून पाहा आणि खऱ्या थापेखाली सरकवा. दहा मिलिसेकंद उशीर झाला तरी थापेचा पहिला दणका बेसखाली दबतो. उलट थापेच्या २-३ मिलिसेकंद आधी ठेवलीत तर बेस वेळेआधीच वाट देतो.

दुसरा फायदा: एफएलमध्ये साईडचेनची खबर फेडरच्या नंतर निघते. खरी किक खाली केली की डकिंगही सैल पडतं. घोस्ट किक असेल तर खऱ्या किकचा आवाज, ईक्यू, काहीही बदला, डकिंग जागचं हलत नाही. आणि मध्ये किक थांबवून नुसता पॅड झुलत ठेवायचा असेल, तर तेही हिच्यानेच होतं.

वक्र काढून

कॉम्प्रेसर नकोच असेल तर आवाजाची रेघ हातानं काढा. बेसवर शेवटच्या स्लॉटमध्ये फ्रूटी बॅलन्स टाका, त्याच्या व्हॉल्यूमवर राईट क्लिक करून ऑटोमेशन क्लिप बनवा. क्लिप एका ठोक्याएवढी करा. ३-४ मिलिसेकंदांत खाली, ३०-४० मिलिसेकंद तिथेच, मग गोलाई घेत ठोक्याच्या साठ टक्क्यांपर्यंत पूर्ण वर. मग ती प्लेलिस्टमध्ये जिथे-जिथे किक आहे तिथे चिकटवत जा.

यात किक केवढी मोठी, तिची शेपटी किती, कशाचाच प्रश्न येत नाही, दर वेळी तोच आकार मिळतो. चौताली ट्रॅकला आमची पसंती हीच आहे. मोबाईलच्या ज्या अ‍ॅपमध्ये साईडचेन नसतं, तिथेही व्हॉल्यूमचं ऑटोमेशन असेल तर हा मार्ग चालतो. काम कंटाळवाणं आहे, पण एकदा केलं की झालं. एलएफओ टूल किंवा किकस्टार्ट यांसारखे प्लगइन हाच वक्र तयार देतात.

एफएलचा फ्रूटी पीक कंट्रोलर वापरून पाहणार असाल तर एक अडचण आधीच माहीत असू द्या. तो किकच्या ट्रॅकवर टाकताच किक बंद पडते, कारण त्यातला 'म्यूट'चा दिवा आधीपासून चालू असतो. तो विझवा. बेसचा आवाज त्याला जोडताना सूत्र 'इन्व्हर्टेड' करा, नाहीतर किक आली की बेस वाढेल.

कशाला किती दाबायचं

सगळ्यांना एकच माप लावू नका. सब-बेस ८ ते १० डीबी. वरचा कर्कश बेस ४ ते ६. पॅड आणि तारांचे सूर ३ ते ६, त्यांचा रिलीज थोडा लांब, म्हणजे श्वास घेतल्यासारखे वाटतात. बासरी, सनई, हार्मोनियम यांच्या मुख्य चालीला २ च्या वर जाऊ नका, सूर तुटल्यासारखा लागतो. गाणाऱ्याचा आवाज किकला दाबू नका, तो मोकळाच राहू द्या.

रिव्हर्बचा, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या इफेक्टचा, एक बारकावा आहे. पॅडवर डकिंग करून त्याच्यानंतर रिव्हर्ब लावला तर तुम्ही केलेला खड्डा रिव्हर्बची शेपटी भरून टाकते. डकिंग नेहमी रिव्हर्ब आणि डिले यांच्या नंतर, साखळीच्या टोकाला ठेवा. रिव्हर्ब वेगळ्या बसवर (अनेक ट्रॅक एकत्र येतात तो ट्रॅक) असेल तर त्या बसलाही साईडचेन द्या, ६ ते ८ डीबी. भरलेला ट्रॅक मोकळा वाटायला सर्वांत जास्त मदत इथेच होते.

काय बिघडतं

दर ठोक्याला 'टक' असा आवाज येतो. अटॅक शून्यावर आहे. ५० हर्ट्झच्या बेसची एक लहर २० मिलिसेकंदांची असते, ती मध्येच एकदम कापली की टक येतो. अटॅक ३-५ वर न्या. त्याने किकचा दणका झाकला जात असेल तर कॉम्प्रेसरमधलं लुकअहेड (किक येण्याआधीच तिची चाहूल घेणं) १-२ मिलिसेकंद द्या. रीपरमध्ये त्याला 'प्री-कॉम्प' म्हणतात.

बेस खरखरतो. रिलीज ३०-४० मिलिसेकंदांच्या खाली गेला आहे. किकची लहरही २० मिलिसेकंदांचीच, त्यामुळे कॉम्प्रेसर किकच्या एकेका लहरीसोबत उघड-मीट करतो आणि ती थरथर बेसवर उमटते. रिलीज वाढवा.

डकिंग दिसतं पण ऐकू येत नाही. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकताय का? तो बहुतेक दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली काही देतच नाही, बेसचं डकिंग त्यावर कळणार कसं? हेडफोन लावा.

घरी नीट, गाडीवर जास्तच झुलतं. डीजेच्या रॅकमधले लिमिटरही दाबत असतात. तुमच्या १० डीबीवर त्यांचा दाब चढतो आणि ट्रॅक हुंदके दिल्यासारखा होतो. गाडीसाठीच्या आवृत्तीत बेसचं डकिंग ६ वर आणा आणि मास्टर लिमिटरला ३ डीबीपेक्षा जास्त दाबू देऊ नका. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो ठेवा. बेस स्टिरिओत पसरलेला असेल तर मैदानात डाव्या-उजव्या बॉक्समधल्या लहरी जागोजागी एकमेकींना खातात.

तपासायला स्टुडिओ मॉनिटर नसतील तर ट्रॅक्टरवरच्या बॉक्सवर वाजवा आणि वीस पावलं लांब उभे राहा. तिथून किक आणि बेस वेगवेगळे कळले की गाडीवरही कळतील.

झडतीखाली संगीत

दुसऱ्या जातीचं डकिंग म्हणजे बोलणाऱ्याखाली संगीत दबणं. रेडिओवर निवेदक बोलू लागला की गाणं आपोआप खाली जातं, तेच. आपल्याकडे पोळ्याला तोरणाखाली झडत्या, म्हणजे यमक जुळवलेल्या ओळी, म्हणतात, त्या रेकॉर्ड करून बीटवर बसवायची हौस अनेकांना असते. झडती म्हणजे शब्दांची मजा. शब्दच कळला नाही तर उरलं काय?

इथे किकचे आकडे विसरा. आवाजाच्या ट्रॅकवरून संगीताच्या बसला साईडचेन द्या. पण त्या बसमध्ये किक आणि बेस घेऊ नका, फक्त पॅड, सूर, वरचे लूप घ्या. ठेका चालू राहिला तरच झडतीला उठाव येतो, आणि बोलण्याशी भांडण असतं ते १ ते ४ हजार हर्ट्झच्या सुरांचं, खालच्या ठेक्याचं नाही. रेशो २:१ किंवा ३:१, दाब ४ ते ६ डीबी, अटॅक १५ ते ३० मिलिसेकंद, रिलीज ४०० ते ६००. रिलीज आखूड ठेवलात तर प्रत्येक शब्दामागे संगीत उसळी घेतं आणि बोलणारा अडखळतोय असं वाटतं. रिलीज एवढा हवा की ओळीच्या आत संगीत खालीच राहील आणि ओळ संपल्यावर वर येईल.

आखरावर (पोळा भरतो त्या मोकळ्या जागेत) केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये बैलांच्या घुंगरमाळा, वारा, गर्दी असतेच. वाऱ्याची घरघर कॉम्प्रेसरला आवाजच वाटते आणि संगीत सदाच दबलेलं राहतं. आवाजाच्या ट्रॅकवर आधी १२० ते १५० हर्ट्झच्या खालचं कापा. तरी भागलं नाही तर आवाजाची एक प्रत काढून तिच्यातल्या रिकाम्या जागा हातानं पुसा, आणि ती प्रत मास्टरला न पाठवता फक्त साईडचेनला द्या. घोस्ट किकसारखाच घोस्ट आवाज. घुंगरं मात्र ऐकू येणाऱ्या ट्रॅकमध्ये राहू द्या, ती काढली तर पोळाच निघून जातो.

झडती संपून सगळे मिळून 'हर बोला हर हर महादेव' म्हणतात, तिथे डकिंग बंद हवं. गर्दीचा आवाज मोठा असल्याने कॉम्प्रेसर संगीताला तिथेच सर्वांत जास्त दाबेल, आणि नेमकं तिथेच संगीत उसळायला हवं असतं. घोस्ट आवाजाच्या प्रतीतून तो गजर कापून टाका. मग गजराच्या शेवटच्या अक्षरावर किक आणा आणि तिथून पुढे पॅडला किकचं डकिंग चालू करा.

काढताना मास्टर -१ डीबीवर थांबवा, आधी वेव्ह, मग त्यावरून ३२० चा एमपी३. गाडीवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राईव्ह द्या.